पाठीमागचं विमान

माझा काका गरगर फिरायला लागला की आसपासचे लोक आधी हसतात, मग काळजीत पडतात आणि शेवटी कुणीतरी पाण्याचा पेला घेऊन येतं. लोकांचा तरी काय दोष? साठीला टेकलेला, टक्कल पडलेला गृहस्थ छातीशी रेडिओ कवटाळून, डोळे मिटून, भर रस्त्यात स्वतःभोवती गिरक्या घेतो आहे, हे बघून दुसरं काय सुचणार? अख्खं गाव त्याला ‘भोवरा’ म्हणतं. काकाला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. ‘‘भोवरा निदान फिरताना तरी ताठ असतो,’’ असं तो म्हणतो आणि ज्याने चिडवलं त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप घालतो.

काकाचा धंदा घरोघरी टीव्हीच्या अँटेना नि छत्र्या बसवण्याचा. चाळीस वर्षं छपरांवर गेल्यामुळे गावातली घरं त्याला दारावरून ओळखता येत नाहीत, वरून येतात. कुणाचा पत्ता सांगितला की हा डोळे बारीक करून विचारणार, ‘‘हिरव्या टाकीवाला का? ज्याच्या पत्र्याला डांबर फासलंय तो?’’ त्या घरातल्या माणसाचं नाव, लग्न झालंय की नाही, यातलं काही त्याला सांगता येणार नाही.

गावाबाहेर विमानांचा एक छोटा क्लब आहे. गवताची धावपट्टी, पत्र्याचं हँगर आणि दोन-दोन माणसांची पाच जुनी विमानं. त्यातल्या प्रत्येक विमानाच्या शेपटीत एक डबा असतो. त्याला बीकन म्हणतात. विमान जोरात आपटलं की हा डबा आपोआप चालू होतो आणि एका ठरावीक स्टेशनवर ‘पिऊऽऽव, पिऊऽऽव’ असा गळा काढतो. नव्या विमानांतले डबे सरळ उपग्रहाला हाक मारतात. आमच्या क्लबातले डबे जुने, आणि उपग्रहांनी जुन्या डब्यांचं ऐकणं केव्हाच सोडून दिलेलं. तेव्हा वर त्यांचं ऐकणारं कुणी नाही. खाली माझा काका आहे.

बीकनचा आवाज कुठून येतो हे शोधायच्या काकाकडे दोन रीती. पहिली सभ्य. सुताराची स्टीलची टेप कापून त्याने प्लास्टिकच्या नळीवर तिचे तुकडे बसवलेत, माशाच्या काट्यासारखे. ही अँटेना चहूकडे फिरवायची, ज्या बाजूला आवाज सगळ्यात मोठा ती दिशा. दुसरी रीत म्हणजे त्या गिरक्या. रेडिओ छातीशी घट्ट धरायचा आणि हळूहळू फिरायचं. माणसाचा देह रेडिओच्या लहरी अडवतो. फिरता फिरता आपलं शरीर बीकन आणि रेडिओच्या बरोबर मधे आलं की आवाज खाली बसतो. तिथं थांबायचं. विमान आपल्या पाठीमागे.

‘‘सगळं जग शोधायच्या वस्तूकडे तोंड करून चालतं,’’ काका सांगायचा, ‘‘आपण पाठ करायची.’’

या रीतीत एक गोम आहे. देह जितका ऐसपैस, तितका आवाज ठळक बसतो. क्लबातल्या सडसडीत पोरांनी गिरक्या घेऊन पाहिल्या, त्यांना फक्त चक्कर आली. ‘‘तुमच्यातून लहरी आरपार जातात रे, गाळणीतून चहा गेल्यासारख्या,’’ असं म्हणून काका आपल्या पोटावरून अशा कौतुकाने हात फिरवायचा की जणू ते त्याने हप्त्याहप्त्याने विकत घेतलंय. अँटेना असताना पोट कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘झाडीत काठी अडकते,’’ तो म्हणाला, ‘‘पोट अडकत नाही.’’

आता हेही सांगायला हवं की अकरा वर्षांत सात वेळा बीकन वाजला आणि सातही वेळा काही झालेलं नव्हतं. एकदा कुणी विमान दाणकन उतरवलं. एकदा विमान धुताना शेपटीला धक्का लागला. एकदा दुरुस्तीला पाठवलेला डबा कुरियरच्या ऑफिसात पार्सलांच्या ढिगाखाली बोंबलत होता, आणि काकाला काउंटरपुढे गिरक्या घेताना पाहून तिथल्या बाईने पोलिसांना फोन केला. सातवी खेप गेल्या वर्षीची. काकाने वीस माणसं डोंगरात नेली. आवाज खडकावर आपटून परत येत होता आणि काका त्या प्रतिध्वनीच्या मागे चार तास चढत राहिला. डबा निघाला क्लबाच्या भंगाराच्या पिंपात. त्या दिवसापासून क्लबाचा सेक्रेटरी ‘भोवरा’ हा शब्द जरा वेगळ्या सुरात उच्चारायला लागला.

त्याच चढणीवर काकाला धाप लागली होती. इतकी, की दोघांनी धरून खाली आणावं लागलं. मग डॉक्टर, तपासण्या, आणि मग काकू.

काकू शाळेची व्हॅन चालवते. बारा पोरांना रोज सकाळी वेळेवर, रडारड न होता, डबे न सांडता शाळेत पोचवणारी बाई एका नवऱ्याचं वजन उतरवू शकत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या घरी राहून बघावं. काकडी, उकडलेल्या भाज्या, आणि साखरेचा डबा व्हॅनच्या डिकीत कुलपात. वर्षभरात चौदा किलो गेले. काकाची पँट पट्ट्याने गोळा करून बांधावी लागायला लागली. भेटेल तो ‘‘वा, वीस वर्षांनी लहान दिसताय,’’ म्हणायचा. काका ‘‘हो, हो,’’ करायचा. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे गच्चीत काय चालतं ते मला दिसतं. दर रविवारी तो सरावाचा छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवायचा, गिरक्या घ्यायचा, थांबायचा, पुन्हा घ्यायचा. मग रेडिओ बंद करून कठड्याशी उभा राहायचा. काय झालं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

तो गुरुवार होता. काका दिवसभर कामावर होता, सव्वाचारला घरी आला. जिन्यातच त्याने सवयीने रेडिओ चालू केला आणि ‘पिऊऽऽव, पिऊऽऽव’ ऐकू आलं. चपला न काढता तो गच्चीत गेला. टेपची अँटेना बरोब्बर हँगरच्या दिशेने बोलत होती. त्याने क्लबात फोन लावला.

‘‘इथंच आहे हो,’’ सेक्रेटरी पलीकडून म्हणाला. ‘‘माझ्या हातातल्या रेडिओवर नुसता दणाणतोय. कुठल्यातरी शेपटीत असेल.’’

‘‘पत्र्याच्या शेडमध्ये सगळंच दणाणतं. विमानं किती आहेत?’’

‘‘चार. पाचवं दातवाल्या डॉक्टरीणबाईंनी नेलंय. पलीकडच्या धावपट्टीवर उतरल्या असतील चहाला, नेहमी उतरतात. फोन लागत नाही तिथं. तुम्ही नका तसदी घेऊ.’’

काकाने फोन ठेवला. हँगरच्या पलीकडे, त्याच रेषेत, लागवडीचं जंगल आहे; ते गच्चीतून दिसतं. काका त्याच्याकडे बघत राहिला. एरवी तो एव्हाना जिना उतरून रस्त्यावर असता. त्या दिवशी तो अँटेना भिंतीला टेकवून खाली आला आणि खुर्चीत बसला.

तेवढ्यात काकू घरात शिरली. एका गालावर हात, गाल टम्म, आणि राग दोन्ही गालांत. डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशी तिची दाढ अर्धी कोरून, कापूस भरून, गुरुवारी चारला बोलावलं होतं. गुरुवारी दुपारपर्यंत दवाखाना बंद असतो. डॉक्टरीणबाई तेवढ्यात विमान उडवून येतात.

‘‘कुलूप आहे दवाखान्याला!’’ काकू म्हणाली. ‘‘वीस मिनिटं उभी होते.’’

‘‘चहाला उतरल्या असतील म्हणे,’’ काका म्हणाला.

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘सेक्रेटरी.’’

‘‘त्याच्या तोंडात सगळे दात खोटे आहेत, त्याला काय माहीत ती बाई कशी आहे ते! चार म्हणजे चार. मी तीन मिनिटं उशिरा गेले तर मला घड्याळ दाखवते ती. माझी दाढ उघडी टाकून ती चहा पीत बसेल?’’ आणि मग तिला काकाच्या हातातला रेडिओ ऐकू आला. तिने गालावरचा हात खाली घेतला. ‘‘हे कधीपासून वाजतंय?’’

काकाने रेडिओचा आवाज बारीक केला.

‘‘आणि तुम्ही बसलात काय? उठा!’’

एका दिशेवरून जागा कळत नाही, दोन हव्यात. काकूने व्हॅन गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली नेली. मी मागे, पोरांच्या सीटवर. काकाने तिथून अँटेना फिरवली, नकाशा व्हॅनच्या बॉनेटवर पसरला आणि पट्टीने दोन रेघा ओढल्या, एक गच्चीवरून, एक इथून. दोन रेघा हँगरवर मिळाल्या नाहीत. हँगरच्या चार किलोमीटर पलीकडे, लागवडीच्या मधोमध मिळाल्या. काकाने पट्टी पुन्हा लावून पाहिली. मग काकूने ती त्याच्या हातातून काढून घेतली. ‘‘तिसऱ्यांदा लावून काय ती जागा बदलणार आहे?’’

वाटेत आम्ही क्लबात थांबलो. सेक्रेटरी एका विमानाच्या शेपटीत डोकं घालून उभा होता. काकाने त्याला नकाशा दाखवला.

‘‘भोवरोबा,’’ सेक्रेटरी कपाळ पुसत म्हणाला, ‘‘गेल्या वर्षीसुद्धा नकाशावर फुली होतीच की.’’

काका नकाशाची घडी घालायला लागला, आणि घडी चुकीची पडत होती.

‘‘भाऊजी,’’ काकूने खिडकीतून हाक मारली, ‘‘औषधांची पेटी घ्या आणि बसा. आणि अँब्युलन्सला, अग्निशमनवाल्यांना फोन करा, लागवडीच्या फाटकाशी या म्हणावं.’’

‘‘अहो वहिनी, खात्री झाल्याशिवाय कसं...’’

‘‘उगाच आले तर त्यांची माफी मी मागेन. तुम्ही फोन करा.’’

सेक्रेटरीने फोन केला आणि पहिलीतल्या पोराच्या सीटवर, गुडघे कानाशी घेऊन बसला. अँब्युलन्स शेजारच्या गावाहून यायची होती. तासभर लागेल म्हणाले. सूर्य मावळायलाही साधारण तेवढाच वेळ होता. लागवडीत अंधार पडला की हाताची बोटं दिसत नाहीत. जे शोधायचं ते त्या तासाभरात, एरवी उजाडेपर्यंत थांबायचं. आणि आपटलेल्या विमानातलं माणूस उजाडेपर्यंत थांबेलच असं कोण सांगणार?

फाटकापासून पुढे पायी. उंच, सरळसोट झाडांच्या रांगा, खाली कमरेएवढं झुडूप. सगळ्या रांगा सारख्या. मागे वळून पाहिलं की आपण कुठून आलो ते कळत नाही. काका पुढे, अँटेना आडवी धरून. दोनशे पावलं गेला नाही तो टेपचा एक काटा फांदीत अडकला, वाकला आणि कडकन तुटला. मग दुसरा. काकाने ती नळी झुडपात टाकून दिली, रेडिओ छातीशी धरला आणि फिरायला लागला.

एक गिरकी. दुसरी. आवाज कुठे बसेचना. तिकडे तोंड करा, इकडे करा, तेच ठणठणीत ‘पिऊऽऽव’. जवळ आलं की असं होतं, मग रेडिओची छोटी अँटेना काढायची आणि स्टेशन एक कणभर बाजूला सरकवायचं, म्हणजे आवाज पातळ होतो. काकाने तेही केलं. पुन्हा फिरला. मला वाटलं एका ठिकाणी किंचित बसला. काकालाही वाटलं असावं, कारण तो थांबला, आणि मग मान हलवून पुन्हा फिरला. पाचव्या गिरकीला तो एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर जाऊन बसला.

‘‘काय झालं?’’ काकू धावत आली. ‘‘छातीत दुखतंय?’’

‘‘छातीत काही नाही. तेच तर.’’ काकाने शर्टाचा सैल घोळ मुठीत धरून दाखवला. ‘‘चौदा किलो. आधी आवाज असा बसायचा, दगड पाण्यात बसावा तसा. आता कळत नाही. सहा महिने झाले कळत नाही. मी तुला सांगितलं नाही.’’

‘‘का नाही सांगितलं?’’

‘‘तू साखरेच्या डब्याला कुलूप लावून इतकी खूश होतीस.’’

सेक्रेटरी खोकला. काकूने त्याच्याकडे एकदा पाहिलं, तो झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागला.

‘‘म्हणजे जाडी कमी पडतेय?’’ काकूने विचारलं.

‘‘हो.’’

‘‘एवढंच ना? मग उठा.’’ तिने ओढणी कमरेला गच्च बांधली. ‘‘माझं कोण कमी करतंय? उठा म्हणते ना!’’

काका उठला. काकूने त्याच्या पाठीला आपलं पोट टेकवलं, दोन्ही हात पुढे घालून त्याची कंबर धरली, आणि सुजलेला गाल जपत दुसरा गाल त्याच्या पाठीवर ठेवला. ‘‘फिरा आता.’’

ते दोघं फिरायला लागले. (पुढे सेक्रेटरीला अहवालात ‘वापरलेलं उपकरण’ या रकान्यात काय लिहावं हे ठरवायला अर्धा दिवस लागला. शेवटी त्याने ‘स्थानिक’ असं लिहिलं.)

‘‘पाय देऊ नका माझ्यावर.’’

‘‘तू ढकलू नकोस. सावकाश.’’

‘‘मी ढकलत नाहीये, तुम्हीच डगमगताय. आपल्या लग्नात तरी असं कुणी...’’

‘‘गप!’’

तिला आयुष्यात ‘गप’ म्हणून जिवंत राहिलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती खरंच गप्प झाली. दोघं अजून अर्धं पाऊल फिरले, आणि आवाज बसला. मलासुद्धा कळला. सेक्रेटरीलाही कळला. ‘पिऊऽऽव’ कुठल्याकुठे खाली गेला, नुसता धागा उरला.

‘‘इथं,’’ काका कुजबुजला. ‘‘हलू नकोस. तुझ्या पाठीमागे काय आहे?’’

काकूने मान वळवली. ‘‘झाडं.’’

‘‘त्या झाडांकडे चला.’’

पन्नास पावलं चालायचं, दोघांनी चिकटून फिरायचं, थांबायचं, काकूच्या पाठीमागे जायचं. असं आम्ही सहा-सात वेळा केलं. सेक्रेटरी पेटी डोक्यावर घेऊन झुडूप तुडवत होता आणि आता स्वतःच सांगत होता, ‘‘वहिनी, जरा डावीकडे सरका, मघाशी तिथंच बसला होता.’’ उन्हं झाडांच्या बुंध्यांवर तांबडी झाली होती.

शेवटच्या वेळी ते दोघं फिरतच होते, तेव्हा समोरून कुणीतरी म्हणालं, ‘‘इकडे.’’

विमान दोन रांगांच्या मधे नाकावर उभं होतं. एक पंख झाडाच्या बेचक्यात अडकलेला, दुसरा कुठेच दिसत नव्हता. डॉक्टरीणबाई पट्ट्यांत पुढे लोंबकळत होत्या. एक पाय समोरच्या चेपलेल्या पत्र्याखाली गेलेला. चेहरा कागदासारखा, पण डोळे उघडे.

‘‘तुमचं भांडण केव्हाचं ऐकू येतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मधेच थांबलं तेव्हा घाबरले. म्हटलं, परत गेले.’’

काकूने बाकी काही न विचारता त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, म्हणजे मानेवरचा भार उतरावा. सेक्रेटरी पेटी उघडायला लागला आणि त्याच्या हातून पेटीची कडीच निघेना. मग तो पेटी तिथंच ठेवून, शिट्टी वाजवत, फाटकाकडे माणसं आणायला पळाला. शिट्टी लांब जाताना ऐकू येत होती, आणि बऱ्याच वेळाने जवळ येताना.

काका विमानाला टेकून उभा होता. त्याला धाप लागली नव्हती. त्याच्या खिशातला रेडिओ इतक्या जवळून आता किंचाळत होता, पण तो बंद करायचं त्याच्या लक्षात नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे डोळे मिटायला लागले की तो बोलायचा, काहीही. कुठल्या घराचं छप्पर गळतं, कुणाच्या पत्र्यावर मांजरं झोपतात. ‘‘डॉक्टरीणबाई, तुमच्या दवाखान्याच्या छपराला मागच्या बाजूला भेग आहे, माहीत आहे का?’’

‘‘सांगितलं का नाही?’’ त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

‘‘तुम्ही तोंडात यंत्र घालून ठेवता. सांगणार कसा?’’

अग्निशमनवाले पत्रा कापायचं यंत्र घेऊन आले. त्यांच्यातल्या मोठ्याने एकदा सगळं निरखलं. ‘‘तो आवाज बंद करा आधी कुणीतरी. एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.’’

काकाने खिशातला रेडिओ बंद केला, तरी विमानातल्या रेडिओवर तोच आवाज चालू होता. बीकन शेपटीत, पण त्याचं बटण वैमानिकासमोरच्या पट्टीवर होतं. काकाने हात आत घातला.

‘‘मी करते,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘माझं विमान आहे.’’

त्यांचं बोट बटणापर्यंत पोचलं, पण दाबायला जोर नव्हता. काकाने आपलं बोट त्यांच्या बोटावर ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं. सगळीकडे एकदम शांत झालं. झाडांवर पाखरं होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

‘‘काका, हात काढा बाहेर,’’ अग्निशमनवाला यंत्र सरसावून म्हणाला. ‘‘आम्हाला कापायचंय.’’

‘‘तुम्ही कापा त्या बाजूने,’’ काका म्हणाला. ‘‘बाईंनी हात सोडला की काढतो.’’